बोटं काळी पडली तो पावसाळा

सासूबाईंच्या हातांचा रंग बदलतोय, हे मला पहिल्यांदा दिसलं ते त्या भाकरी थापत असताना. तळहात पिठानं पांढरे झाले होते आणि त्यावर बोटांची पेरं काळीकुट्ट उठून दिसत होती. त्या मुळात सावळ्या. उन्हात आयुष्य काढलेल्या बाईचे हात काळवंडायचेच, असं मी मनाशी म्हटलं. पण हा रंग उन्हाचा नव्हता. जूनपासून लोणावळ्यात आम्ही धड ऊन पाहिलंच नव्हतं.

आमचं घर गावाच्या कडेला, उतारावर आहे. मागच्या दाराला लागून गॅलरी आणि तिच्यापलीकडे झाडी. पावसाळ्यात धुकं त्या झाडीतून वर चढतं आणि दार उघडं असलं तर सरळ घरात येतं. कपडे घरातच दोऱ्यांवर टाकायचे, आठवडाभर त्यांचा ओलसर वास सोसायचा, चपलांवरची बुरशी पुसायची, हे इथल्या प्रत्येक घरात चालतं. मी इथल्याच एका शाळेच्या ऑफिसात काम करते. नवरा तळेगावला कारखान्यात शिफ्टला जातो. लेक पुण्याला होस्टेलवर. सासूबाईंचा जन्म गेला लोहगडाच्या पायथ्याच्या वस्तीवर. गडावर येणाऱ्या लोकांना त्या पिठलं-भाकरी, ताक, कांदाभजी करून द्यायच्या. गुडघे बोलायला लागले तेव्हा टपरी पुतण्याकडे सोपवून त्या आमच्याकडे राहायला आल्या.

त्या वर्षी मी स्वतःच्याच चेहऱ्यामागे लागले होते. चाळिशी उलटली आणि गालांवर वांग आले. ऑफिसातल्या मैत्रिणी रोज नवीन काहीतरी सुचवायच्या. व्हिटॅमिन सीचं सीरम, व्हिटॅमिन ईच्या हिरव्या कॅप्सूल फोडून त्यातलं तेल, कुणी सांगितलेल्या गोळ्या. सगळं माझ्या कपाटात होतं. म्हणून संध्याकाळी टीव्ही बघताना मी सासूबाईंचा हात मांडीवर घ्यायची आणि तेच तेल त्यांच्या पेरांवर चोळायची. एकदा मी विचारलं, जोरात चोळते का, दुखत नाही ना? त्या हाताकडे बघून म्हणाल्या, चोळतेस ते दिसतंय की. उत्तर जरा विचित्र वाटलं, पण मी ते सोडून दिलं.

हात काही उजळले नाहीत. उलट काळेपणा तळव्यांच्या रेषांत उतरला. मग बाकीचं एकेक दिसायला लागलं. तिखट लागलं की त्यांची जीभ भाजल्यासारखी व्हायची. चालताना पायातून चप्पल निसटायची आणि त्या तशाच पुढे जायच्या, एक पाय अनवाणी. बोलणं कमी झालं होतं. हातात वाटी घेऊन ओट्याशी उभ्या राहायच्या आणि कशाला आलो ते विसरायच्या. वय झालं, असं आम्ही दोघं म्हणायचो.

पण एक गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नव्हती, कारण ती सांगायची कशी ते मला कळत नव्हतं. धुकं वर आलं की सासूबाई मागचं दार उघडून ठेवायच्या. मी लावलं की थोड्या वेळानं ते पुन्हा उघडलेलं असायचं. आणि दिवाणावर बसलेल्या असताना त्या मधेच सरकायच्या, शेजारी कुणी बसायला आलं की आपण सरकतो तशा. सरकल्यावर त्या मोकळ्या जागेकडे बघायच्या नाहीत. जागा केली, एवढंच.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली आणि मी दुपारीच घरी आले. घरात धुकं भरलं होतं, दिवा लावलेला नव्हता. मागच्या दाराजवळ सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. बाजूला खोबरेल तेलाची वाटी. उजव्या हातात फणी होती आणि ती वरून खाली हळूहळू फिरत होती. डावा हात काहीतरी मुठीत धरून होता. फणी थांबली, डाव्या हातानं भाग पाडले, एक बाजूला केला, दुसरा पुन्हा विंचरायला घेतला. त्यांच्या गुडघ्यांमध्ये कुणीही नव्हतं.

त्या काय करताहेत ते मला लगेच उमगलं नाही, कारण ते फार ओळखीचं होतं. माझ्या लेकीचे केस मी कितीतरी वर्षं असेच विंचरले आहेत.

त्यांनी मान वर केली. दचकल्या नाहीत.

"दार लोटू नगं," त्या म्हणाल्या. "हाय अजून ती."

"कोण, आई?"

"तुजी नणंद."

माझ्या नवऱ्याला एक मोठी बहीण होती. तो रांगत होता तेव्हा ती गेली. एवढंच मला ठाऊक होतं. तिचा फोटो नाही, तिचा विषय घरात निघत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. साखर दोनदा घातली. चहा घेऊन बाहेर आले तोवर धुकं मागे हटलं होतं आणि सासूबाई फणीतलं नसलेलं गुंतवळ बोटांनी काढत होत्या.

मग त्यांनी आपणहून सांगितलं. पोरगी सहा-सात वर्षांची होती. ऐन पावसाळ्यात ताप भरला. वस्तीवरून खाली यायला तेव्हा रस्ता नव्हता, ओढे फुगलेले. सासऱ्यांनी तिला पाठीवर घेतलं, वरून इरलं घातलं आणि मळवलीच्या वाटेला लागले. सासूबाई मागून चालत होत्या. इरल्यातून पोरीचे केस बाहेर लोंबत होते आणि त्यातून पाणी निथळत होतं. त्या सारखं हातानं ते पिळायच्या आणि आत खोचायच्या. खाली पोचायच्या आतच सगळं संपलं होतं.

आता ती आषाढापासून येत होती. फक्त धुक्यात, आणि फक्त दिवसा. बोलत नव्हती. आधी गॅलरीच्या कठड्यापाशी दिसायची, मग उंबऱ्यात यायला लागली. आता आत येऊन पाठ करून बसायची, केस ओलेच.

"केसं डोळ्याला दिसत्यात," सासूबाई म्हणाल्या. "पर हाताला लागत न्हाईत. नुसती हवा."

त्यांना भीती वाटत नव्हती. त्यांना लाज वाटत होती. वस्तीवर कुणाची सून आजारी पडली आणि घरच्यांनी भगत बोलावला तर त्याला दारातून परत पाठवणारी ही बाई. पौर्णिमेला विहारात जाऊन वंदना म्हणणारी. मेलेलं माणूस परत येत नाही, पोरीला दवाखान्यात न्या, असं सांगत त्यांनी किती घरांशी भांडण घेतलं होतं. लोकांना सांगता सांगता आपल्याच दारात हे यावं, याचं त्यांना वाईट वाटत होतं. मुलाला सांगू नकोस, असं त्या म्हणाल्या.

पुढचे काही दिवस मी ऑफिसात बसून चुकीच्या रकान्यात आकडे भरले. घरी आले की मागच्या उंबऱ्यापाशी फरशी ओली असायची. दार उघडं, धुकं आत, मग फरशी ओली होणारच. हे मला कळत होतं. तरी पोछा घेऊन गेले की मी त्या ओल्या जागेला वळसा घालून बाकीची फरशी पुसायची. सासूबाई दिवाणावर सरकल्या की मी टीव्हीचा आवाज बारीक करायची. त्या घरात तेव्हा आम्ही तिघी होतो, असंच मला आजही आठवतं.

शेवटी मी हातांचं निमित्त केलं. तळेगावात एक त्वचेच्या डॉक्टर आहेत, माझ्या वांगासाठी मी त्यांच्याकडे जायचे. सासूबाईंना म्हटलं, बोटं दाखवून येऊ. त्या तयार झाल्या.

डॉक्टरीणबाईंनी हात पुढून-मागून पाहिले, बोटं ताणून पेरं पाहिली. मग हात सोडून म्हणाल्या, जीभ दाखवा. जीभ लाल होती आणि साल काढल्यासारखी गुळगुळीत. त्यांनी घोट्याच्या हाडावर काहीतरी कंप पावणारं टेकवलं आणि कळतंय का विचारलं. सासूबाईंना कळत नव्हतं. मग पाय जुळवून उभं राहायला सांगितलं, डोळे मिटायला सांगितले. डोळे मिटताच त्या अशा झोकांडल्या की मी धरलं नसतं तर पडल्या असत्या.

डॉक्टर खुर्चीत बसल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आजी, घरात कुणी नसताना कुणी दिसतं का तुम्हाला?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली, डॉक्टरांना मी काही सांगितलं नव्हतं.

"व्हय," त्या म्हणाल्या.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह अगदी तळाला गेलं होतं. डी सुद्धा कमी होतं. डॉक्टरांनी मला सावकाश समजावलं. या बी-ट्वेल्व्हवर रक्त बनतं, नसांवरचं आवरण टिकतं आणि मेंदूचं कामही त्यावर चालतं. ते संपत आलं की काहींच्या पेरांवर, तळव्यांवर असा काळा रंग चढतो, मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं, आणि क्वचित कुणाला नसलेली माणसं दिसतात. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मटण, मासे यातून मिळतं. सासूबाईंचे दात गेले तेव्हा मटण सुटलं होतं, दुधाचा वास त्यांना पहिल्यापासून नकोसा, अंडं त्या नातीच्या ताटात टाकायच्या. त्यात साखरेची गोळी आणि पित्ताची गोळी कित्येक वर्षं चालू. त्या दोन्हींमुळे पोटातून हे नीट शोषलं जात नाही. आयुष्य उन्हात गेलेली बाई आता घरात बसून होती, म्हणून डी उतरलं, त्यानं हाडं आणि स्नायू दुबळे झाले.

मी तेल चोळत होते ते सांगितलं. डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, वरून लावलेलं वरवरच राहतं, या त्वचेला आतून उपास घडत होता. इंजेक्शनं घ्यावी लागतील, आधी लागोपाठ आणि मग महिन्याला एक. उशीर केला तर नसांचं नुकसान कायमचं राहील. मी विचारलं, आणि ते दिसणं? त्या म्हणाल्या, बहुतेक काही आठवड्यांत थांबेल.

सासूबाईंनी ते ऐकलं.

परत येताना जुन्या हायवेनं एसटी कामशेतपर्यंत आली तोवर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "मला सुई नगं."

त्या दिवशी मला नवऱ्याला सांगावंच लागलं. सगळं ऐकून तो उठला. मग आईजवळ जाऊन जमिनीवर बसला. मला वाटलं, हा आता समजूत घालेल, रागावेल.

"कशी दिसते गं ती?" त्यानं विचारलं.

सासूबाईंनी सांगितलं. कपाळ मोठं, तुझ्यासारखं. पुढचा एक दात पडलेला. मान बारीक, केस मानेवर चिकटलेले. कानात मणी. तो पन्नाशीला टेकलेला माणूस तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होता. बहीण होती हे त्याला माहीत होतं, पण तिला चेहरा असेल हे त्याच्या डोक्यात कधी आलं नसावं. सासूबाई म्हणाल्या की त्या स्वतःही तो चेहरा विसरल्या होत्या. कुठं तरी, वस्तीवरच्या कामाधामात, कधी गेला ते कळलंही नाही. किती आठवलं तरी येत नव्हता. आता समोर येऊन बसते, तर तुम्ही म्हणता घालवा.

त्यानंतर आम्ही दोघंही त्यांना काही म्हणेनासे झालो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्या घ्यायच्या, अंडं कुस्करून खायच्या, इंजेक्शनचं नाव काढू द्यायच्या नाहीत.

मग एका सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर घरात कातडं जळाल्याचा वास येत होता. सासूबाई भाकरी भाजत होत्या. त्यांची दोन बोटं तापल्या तव्याच्या कडेवर टेकलेली होती आणि त्या शांतपणे भाकरी फुगायची वाट बघत होत्या. मी हात ओढला आणि नळाखाली धरला. फोड टरारून आले. त्या फोडांकडे बघत होत्या, दुसऱ्या कुणाच्या हाताला झालंय असं.

"दुखंना गं," त्या म्हणाल्या.

मी मलम लावत होते तेव्हा त्यांनी विचारलं, सुई घेतली तर बोटांना कळायला लागेल का. मी म्हटलं, डॉक्टर तसं म्हणाल्यात, लवकर घेतली तर.

"मंग केसं लागत्याल हाताला?"

मी खरं तेच सांगितलं. बोटं जागी होतीलही, पण तोवर ती येत राहील की नाही ते कुणी सांगू शकत नाही.

"बघू," त्या म्हणाल्या. "काय आदी हुतंय."

इंजेक्शनचं औषध लालभडक असतं हे मी तेव्हा पाहिलं. जवळच्या दवाखान्यात नर्स ते सावकाश टोचायची आणि सासूबाई डोळे मिटून घ्यायच्या. घरी आल्या की दुपारी स्टूल घेऊन मागच्या दाराशी बसायच्या, तेलाची वाटी, फणी. मी शाळेतून लवकर सुटायची संधी शोधायची.

पहिल्या आठवड्यात बोटांतून मुंग्यांची रांग चालल्यासारखं व्हायला लागलं. त्या त्यानं खूश झाल्या. पण त्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं, पोरगी आता बसत नाही, उंबऱ्यातच उभी राहते. मग एक दिवस भांडी घासताना पाणी कोमट असल्याचं कळलं. तोवर ती गॅलरीत गेली होती, कठड्याला टेकून, तोंड झाडीकडे. तांदूळ निवडताना खडा बोटाला लागला तेव्हा त्यांनी मला हाक मारून दाखवला. त्या दिवशी मी विचारलं नाही, पण त्यांनीच झाडीकडे बोट केलं. लांब हाय, म्हणाल्या. फ्रॉक तेवढा दिसतोय. ती ज्या वाटेनं आली होती त्याच वाटेनं पायरी पायरी मागे जात होती, आणि तेवढ्याच वेगानं सासूबाईंची बोटं जागी होत होती. घरातल्या कुणालाच काही करता येत नव्हतं.

भाद्रपदातली एक दुपार. धुकं इतकं की गॅलरीचा कठडाही दिसत नव्हता. सासूबाई अंगठा फणीच्या दातांवरून फिरवत बसल्या होत्या, पुन्हा पुन्हा.

"कळतंय," त्या म्हणाल्या. "येक येक दात कळतोय."

मी त्यांच्या मागे उभी राहून बाहेर पाहिलं. त्याही बघत होत्या.

"आहे का?" मी विचारलं.

धुकं विरळ होईपर्यंत त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "न्हाई."

त्या रडल्या नाहीत. फणी माझ्या आणि लेकीच्या फण्यांत नेऊन ठेवली आणि पिठाचा डबा काढला. रात्रीच्या जेवणाला नेहमीसारख्या भाकऱ्या होत्या. नवऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. पुढच्या महिन्याच्या इंजेक्शनला मी त्यांना आठवण करायला घाबरत होते. त्या आपणच पदर खोचून तयार झाल्या. हात आलेत ते परत घालवून काय करू, एवढंच म्हणाल्या.

पाऊस संपला, ऊन पडलं. सकाळचं त्या अंगणात बसायला लागल्या. काळा रंग आधी नखांच्या मुळांशी फिका झाला, मग पेरांवरून उतरला, तळव्यांच्या रेषा सगळ्यात शेवटी मोकळ्या झाल्या. जीभ भरून आली, चालणं सुधारलं. शेजारणी विचारायच्या, कुठलं क्रीम लावलं? आणि या दिवसांतच तो चेहरा पुन्हा पुसट होत गेला. नवरा अधूनमधून विचारायचा, कानातले मणी कसले होते? त्या सांगायला तोंड उघडायच्या आणि थांबायच्या. दिवाळीपर्यंत फक्त पडलेला दात उरला होता.

दिवाळीनंतर त्या म्हणाल्या, मला वस्तीवर न्या. वस्तीपासून थोडं खाली, जिथे पोरीला पुरलं होतं, तिथे आता गडावर येणाऱ्या गाड्या लागतात. सपाट केलेली जमीन, वर खडी. जागा नेमकी कुठली ते कुणालाच सांगता आलं नसतं. सासूबाईंनी चपला काढल्या आणि त्या खडीवरून इकडून तिकडे चालल्या. मी म्हटलं, टोचेल. त्या म्हणाल्या, टोचतंय की. आणि चालत राहिल्या, एक गाडीवाला हॉर्न वाजवून बाजूला व्हा म्हणेपर्यंत.

पुतण्याच्या टपरीवर त्यांनी उकडलेलं अंडं मीठ लावून खाल्लं आणि तिथल्या बायकांशी बोलत बसल्या. नवरा आणि मी गाडीजवळ उभे होतो.

"तू तिथं होतीस," तो म्हणाला. "तुला काहीच दिसलं नाही?"

मी म्हटलं, मला फक्त आईंचे हात दिसले, केस विंचरताना.

"केवढ्या उंचीवर होते हात?"

मी जमिनीपासून तळहात वर नेला आणि तिथे थांबवला. तो माझ्या हाताखालच्या जागेकडे बघत राहिला. मी हात तसाच धरून ठेवला.